इलेक्ट्रिक स्मोकरमध्ये बोकडाचा फरा: धूर कडू लागतो आणि तापमान ६८ वर अडकून बसतं

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. माझा मेव्हणा अमेरिकेतनं कायमचा परत आला आणि सामानाबरोबर त्याचा इलेक्ट्रिक स्मोकर, म्हणजे मांस धुरावर शिजवायचं यंत्र, घेऊन आला. त्याच्या फ्लॅटला गच्ची नाही, म्हणून स्मोकर आता आमच्याकडे आहे. कमरेएवढं उंच कपाट, आत चार जाळ्या, तळाशी कॉइल, तिच्यावर लाकडाच्या तुकड्यांचा ट्रे आणि त्याच्यावर पाण्याचं पसरट भांडं. वर एक झडप. मांसात खुपसायची एक सळईपण आहे, ती आतलं तापमान दाखवते. सोबतच्या पुस्तकात सगळं डुकराचं नाहीतर गायीचं. आमच्या घरात बोकड आणि कोंबडी, एवढंच चालतं.

दोन्ही करून बघितलं. पुस्तकात दिलंय तसं तुकडे भिजवले, ट्रे भरला, झडप बंद ठेवली. मटणावर काळा चिकट थर आला, जीभ बधिर होईल इतका कडू. दुसरं म्हणजे फऱ्यातलं तापमान ६८ अंशांपर्यंत चढलं आणि तिथंच बसलं. दोन तास हलायला तयार नाही. कोंबडीचं मांस छान मऊ, पण कातडी रबरासारखी. आणि मेव्हण्यानं आणलेले हिकरीचे तुकडे आता संपलेत. सोलापुरात लाकूड कुठलं वापरायचं?

श्रावण लागायच्या आत रविवारी पंधरा माणसं आखाडाला जेवायला बोलावलीत. कुणी हे घरी केलं असेल तर नीट सांगा. यूट्यूबवरचे सगळे तिकडचे, त्यांचा आपल्या मटणाशी संबंध नाही.

वायरिंगवाला_सात_रस्ता

मालक, आधी मागची पट्टी वाचा. अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टचं असतं, आपल्या भिंतीत २३० आहेत. व्होल्टेज जवळजवळ दुप्पट झालं की कॉइल साधारण पावणेचार पट वीज ओढते. ८०० वॉटची कॉइल थेट लावली तर तीन हजार वॉटच्या आसपास जाईल आणि काही मिनिटांत जळेल. तुमचं चाललंय म्हणजे मध्ये ट्रान्सफॉर्मर असणार. तो किती वॉटचा आहे ते बघा. ८०० च्या यंत्राला निदान दीड हजाराचा हवा, कारण सहा-सात तास सलग चालवायचंय. हात लावून चटका बसण्याइतका तापत असेल तर तो लहान आहे.

गच्चीवर टीव्हीच्या बोर्डाची साधी एक्स्टेंशन ओढून नेऊ नका. १६ अँपिअरचा सॉकेट आणि खरं अर्थिंग पाहिजे, पत्र्याचं कपाट आहे ते. बिलाची काळजी नको, ८०० वॉट सहा तास म्हणजे जास्तीत जास्त पाचेक युनिट, आणि कॉइल मधनंमधनं बंद होते म्हणून त्याहून कमीच.

बॉयलरवाले_अण्णा

जुळेसोलापूरकर, तुमच्या यंत्रात काही बिघाड नाही. मी बरीच वर्षं टॉवेलच्या प्रोसेस हाऊसमध्ये लाकडाच्या बॉयलरवर होतो. तिथं धुराडं बघूनच भट्टीत काय चाललंय ते ओळखायचं असतं. धूर काळा किंवा दाट पांढरा निघाला की आधी हवा बघायची. तुमची झडप बंद, ट्रे गच्च, त्यात तुकडे ओले. मग लाकूड नीट जळणार कसं? ते नुसतं धुमसतं, त्यातनं डांबरासारखा अंश निघतो आणि बाहेर जायला वाट नसल्यामुळं गार मटणावर बसतो. तोच तुमचा काळा चिकट थर.

झडप पूर्ण उघडा. धूर वाया जातोय असं वाटेल, वाटू द्या. तुकडे कोरडे घाला. भिजवल्यानं पाणी आतपर्यंत मुरत नाही, वरचं ओलं उडून जाईपर्यंत नुसती वाफ येते, वेळ तेवढा जातो. एका वेळी एकच मूठ. झडपेतनं पातळ, निळसर, मागची भिंत दिसेल असा धूर आला की मटण आत ठेवा, त्याच्या आधी नाही. पाऊण तासानं दुसरी मूठ. पहिले दोन-अडीच तास धूर दिला की पुष्कळ झालं. गार आणि ओलसर मांसावर धूर लवकर धरतो, पुढं पृष्ठभाग सुकला की फारसा धरत नाही. नंतर लाकूड घालत बसलात तर कडूपणाच वाढेल.

एक आपल्या हवेची गोष्ट. कॉइल चालू असेल तेव्हाच ट्रेमधलं लाकूड धुमसतं. एप्रिल-मे मध्ये बाहेरच ४२ असतात, कपाट उन्हात असलं तर पत्राच तापतो, थर्मोस्टॅट कॉइल बंद करून टाकतो आणि धूर थांबतो. लोकांना वाटतं लाकूड खराब. कपाट सावलीत ठेवा. झडप उघडी ठेवण्याचा हा पण फायदा, गरम हवा बाहेर जाते आणि कॉइल पुन्हा लागते.

आता लाकूड. हिकरीमागं पळू नका, आपल्याकडं बाभूळ आहे. फर्निचरवाल्याकडे अजिबात जाऊ नका, त्याच्या भुशात प्लायवुडचा डिंक, पॉलिश, काय काय असतं. औत-कुळव करणारा सुतार गाठा. मंगळवेढा, मोहोळच्या बाजूला खेड्यात अजून आहेत. तो वाकसानं बाभळीचा ओंडका ताशीत असतो तेव्हा पायाशी ढलप्यांचा ढीग पडतो, बोटाएवढ्या लांब, रुपयाच्या नाण्याएवढ्या जाड, आतनं तांबूस. हव्या तशा तयार. साल चिकटलेली असेल तर सोलून टाका आणि पिशवीत न बांधता सुपात पसरून उन्हात वाळवा. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखण वाजले पाहिजेत. थप् असा आवाज आला तर अजून ओल आहे.

कॅनॉलच्या कडेला, नाल्यात माजलेली वेडी बाभूळ पण चालते. टेक्सासात मेस्कीट म्हणून ज्या लाकडावर मांस धुरवतात, ते हिच्याच कुळातलं झाड आहे, दोन्ही प्रोसोपिसच. पण तिचा धूर उग्र, म्हणून अर्धीच मूठ घ्या, आणि मटणालाच, कोंबडीला नको. कोंबडीला आंबा किंवा पेरू. डाळिंबाच्या बागा मोडल्या की लाकूड फुकट मिळतं हे मला माहीत आहे, पण त्या झाडांवर तेल्या रोगासाठी फवारे मारमारून मारलेले असतात, मी ते खाण्याला लावणार नाही. कडुनिंब कडू. कण्हेर विषारी, तिची काडीसुद्धा ट्रेमध्ये जाऊ देऊ नका. मशीनच्या पेट्यांचं पाइनचं लाकूड राळेचं असतं, तेही नको.

६८ वर अडकतं त्याचं कारण घाम. मांसातलं पाणी वर येऊन उडतं, त्यानं मांस गार होत राहतं, आणि कपाट जेवढी उष्णता देतं तेवढी हे बाष्पीभवन खाऊन टाकतं. मोठ्या तुकड्याला हे ६५ ते ७५ च्या मध्ये होतंच. घाबरून तापमान वाढवू नका. वरचा रंग हवा तसा आला की फरा बाहेर काढा, दोन पदर फॉइलमध्ये गच्च गुंडाळा आणि आत ठेवा. पाणी उडायचं थांबलं की काटा हलतो. हाडाला धरून असलेले चिवट पडदे ७० च्या पुढं सावकाश विरघळतात, म्हणून ७५ ला मटण शिजलेलं असतं पण चिवट लागतं. ९२-९५ पर्यंत न्या. आणि आकड्यापेक्षा सळईवर विश्वास ठेवा, ती विनाअडथळा आत गेली पाहिजे.

बोकडाच्या मांसात चरबी कमी, हे तिकडच्या पुस्तकात कुठंच नसतं. त्यामुळं पाण्याचं भांडं कधी कोरडं पडू देऊ नका, आणि खाटकाला सांगून पोटावरची चरबीची जाळी मागून घ्या. फऱ्यावर पांघरा. ती वितळत जाते आणि मांस सुकत नाही. मांडी घेऊ नका, ती कोरडी पडते. पुढचा फरा किंवा सीना घ्या. कपाट ११० अंशांवर, तुमच्या डब्यावर २३० फॅरेनहाइट.

कोंबडीची कातडी या यंत्रात कुरकुरीत होणार नाही. घरगुती इलेक्ट्रिक स्मोकर साधारण १३५ च्या पुढं जात नाहीत आणि कातडीखालची चरबी सुटायला जास्त आच लागते. शेवटी बिडाच्या तव्यावर कातडी खाली करून दाबा. नाहीतर आपल्याकडं सोलूनच देतात तशी घ्या आणि तुपाचा हात फिरवा.

जुळेसोलापूरकर

अण्णा, लई उपकार झाले. वायरिंगवाले, ट्रान्सफॉर्मर दोन हजारचा आहे, बघितला. अजून दोन शंका. व्हिडिओत कापल्यावर कडेला गुलाबी पट्टा दिसतो, आमच्यात अजिबात येत नाही. धूर आत गेला नाही का? आणि मेव्हणा म्हणालाय की उरलेल्या मटणाच्या पट्ट्या कापून गार धुरात दोन दिवस वाळवू, आजी चान्या वाळवायची तशा. गुलाबी मीठ लागतं म्हणे. घरात सैंधव आहे, चालेल?

मेसवाली_ताई_अक्कलकोट_रोड

दादा, सैंधव चालणार नाही, हे आधी सांगते. त्याचा गुलाबी रंग मातीतल्या खनिजांचा आहे. मेव्हणे म्हणतात ते क्युअरिंग मीठ वेगळंच असतं. साध्या मिठात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट मिसळलेलं, आणि साध्या मिठाशी गल्लत होऊ नये म्हणून मुद्दाम गुलाबी रंगवलेलं. किलोभर मांसाला अडीच ग्रॅम, ते पण ग्रॅमच्या काट्यावर मोजून. जास्त झालं तर विषबाधा होते. ते घरात आणलंत तर मिठाच्या डब्याजवळ ठेवू नका.

आणि गार धूर आपल्या गावात करूच नका. त्याला ३० अंशांच्या खालची हवा लागते. बंद कपाटात, कमी हवेत, कोमट मांस तासन् तास पडून राहिलं तर बोटुलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात, त्याला वास येत नाही, चव बदलत नाही. आजीच्या चान्या बारीक चिरलेल्या, मिठाच्या, उघड्या कडक उन्हात वाळलेल्या असायच्या. तिचं शास्त्र वेगळं आणि पक्कं होतं. पंधरा लोकांच्या जेवणाला हा प्रयोग नको. मी रोज बाहेरच्यांना जेवायला घालते, म्हणून इतकं जोर देऊन बोलालेय.

मोठा नियम एकच लक्षात ठेवा, मटण ५ ते ६० अंशांच्या मध्ये चार तासांपेक्षा जास्त राहू द्यायचं नाही. फ्रीजमधनं काढलं की थेट कपाटात. कोंबडी सगळ्यात जाड जागी ७४ झाल्याशिवाय ताटात नाही. सळई हाडाला टेकली तर खोटं दाखवते. ती बरोबर आहे का ते उकळत्या पाण्यात धरून बघा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच आहे, त्यामुळं १०० नाही, ९८-९९ आलं की ठीक.

मसाल्याचं माझं मत. आधी फक्त मीठ, किलोला १५ ग्रॅम, आणि आलं-लसूण. आपलं काळं तिखट मुळातच भाजलेलं असतं, त्याला सहा तास धूर दिला की करपट लागतं. ते शेवटी गरम तेलात फुलवून मटण सोडवल्यावर वरनं घाला. फॉइलमध्ये साठलेला रस ओतून देऊ नका. हाडांचं अळणी सूप करा, त्यात तो रस घाला, रश्श्याला मीठ बेतानं. कडक भाकरी त्यात चुरून खाल्ली की पाहुणे दुसरं काही मागणार नाहीत. शेंगा चटणी ठेवाच.

बॉयलरवाले_अण्णा

ताईंनी सांगितलं ते शब्दाशब्दानं पाळा.

गुलाबी पट्ट्याचं मनाला लावून घेऊ नका. मोठं लाकूड किंवा कोळसा जळताना नायट्रिक ऑक्साइड वायू तयार होतो, तो मांसातल्या लाल रंगद्रव्याला धरतो आणि तो रंग शिजल्यावरही टिकतो. तुमच्याकडं उष्णता कॉइलची, लाकूड मूठभर, म्हणून तो वायू फार कमी. चवीचा आणि त्या पट्ट्याचा संबंध नाही.

रविवारचं असं करा. पंधरा जणांना दीड-दीड किलोचे तीन फरे घ्या, शिजून बरंच आटतं. शनिवारी रात्री मीठ लावून फ्रीजमध्ये उघडेच ठेवा, वरची ओल बसते. पहाटे पाचला यंत्र तापायला लावा, साडेपाचला मटण आत. नऊच्या सुमारास रंग बघून गुंडाळा. वजनावरनं वेळ धरू नका, एक फरा बाराला होईल, दुसरा एकला. तळातली जाळी कॉइलजवळ असते, तिथला आधी होतो, तेव्हा गुंडाळताना वरचा खाली आणि खालचा वर करा. झालेला फरा फॉइलसकट जाड टॉवेलात बांधून स्टीलच्या डब्यात ठेवलात की दीड-दोन तास गरम राहतो. दार सारखं उघडून बघू नका, प्रत्येक वेळी गेलेली उष्णता भरून यायला पंधरा मिनिटं जातात.

यंत्र गच्चीवरच चालवा, बाल्कनीत किंवा बंद खोलीत नाही, त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. आणि आषाढ आहे, वारीचे दिवस. शेजारी कुणी माळकरी असेल तर आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगा आणि वाऱ्याची दिशा बघून कपाट फिरवून ठेवा.

लाईट गेली तर दार उघडू नका. परत आल्यावर माझं यंत्र आपोआप चालू होत नाही, तापमान पुन्हा लावावं लागतं, तुमचं पण बघून घ्या. अर्ध्या तासात आली नाही तर फरे काढून कुकरमध्ये वाटीभर पाणी घालून दोन-तीन शिट्ट्या द्या. धूर तोपर्यंत लागलेला असतो, तो कुठं जात नाही.