स्पोर्ट्स कारचे रोजचे बारीक त्रास: दोष गाडीचा की रस्त्याचा?

घाटवाट (धागाकर्ता)

माझ्याकडे दोन सीटची, बुटकी जर्मन पेट्रोल गाडी आहे. सेकंडहँड घेतली, पुण्यात चालवतो, ऑफिसलाही नेतो. सर्व्हिसिंग, विमा, टायर असल्या मोठ्या खर्चांवर सगळेच बोलतात. मला शोरूममध्ये कुणी सांगत नाही असे लहान त्रास मांडायचेत. माझं ठाम मत आहे की यातले बरेचसे त्रास गाडीचे नाहीतच. आपल्याकडे कामं मापात होत नाहीत, आणि ते बुटक्या गाडीला सगळ्यांत आधी लागतं.

सुरुवात गतिरोधकापासून. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचं यासाठी आयआरसी ९९ नावाचं प्रमाण आहे. त्याच्या १९८८ च्या आवृत्तीत गोलाकार गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर आणि वक्रतेची त्रिज्या १७ मीटर दिली आहे. आता गणित करून बघा. पोर्शे ९११ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर असतं. गाडी अशा गतिरोधकाच्या बरोबर मध्यावर आली की चारही चाकं उंचवट्यावरच असतात, त्यामुळे मधला माथा चाकांच्या पातळीपेक्षा जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येतो. पोटाखाली ११-१२ सेंटिमीटर मोकळे असले तरी गाडी सहज निघते. नाकाचंही तेच. नाक चाकाच्या एक मीटर पुढे धरलं, तर चाक गतिरोधकाला टेकतं तेव्हा नाकाखाली सुमारे ८ सेंटिमीटर उंची आलेली असते. म्हणजे नाकही घासत नाही.

आणि प्रत्यक्षात काय असतं? हातभर रुंदीचा डांबराचा ढीग, नाहीतर नट-बोल्टने ठोकलेली रबराची पट्टी. ती दोन चाकांच्या मध्ये आली की तिची पूर्ण उंची पोटाला भिडते. त्यात दोन माणसं बसल्यावर स्प्रिंगा दबलेल्या असतात. मग गाडी तिरकी घालायची, एकेक चाक चढवायचं, आणि तोवर मागचे हॉर्न ऐकायचे. ४० मीटर आधी फलक लावायचा आणि पट्टे रंगवायचे, हेही त्याच प्रमाणात लिहिलंय. पावसाळ्यात रात्री न रंगवलेला गतिरोधक दिसतच नाही.

बाकीचे त्रास भराभर सांगतो. इमारतीत वाट्याला आलेली पार्किंगची जागा २.३ मीटर रुंद आणि गाडी १.८ मीटर. दोन्ही बाजूंना २५ सेंटिमीटर उरतात. दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं, ते तेवढ्यात उघडून बाहेर पडणं ही कसरतच. इंजिन मागे असल्याने मागची डिकी तापते, तिथे श्रीखंड ठेवलं तर घरी पोचेपर्यंत पातळ होतं. गाडी पुसणारा सगळ्या गाड्यांना एकच फडकं मारतो आणि गडद रंगावर गोल गोल ओरखडे उठतात. दोन-तीन आठवडे गाडी उभी राहिली की बॅटरी मान टाकते, आणि चार्जर लावायला पार्किंगमध्ये सॉकेट मागितलं की कमिटी बैठक लावते. शिवाय प्रत्येक सिग्नलला दोन प्रश्न ठरलेले: "किती पडली?" आणि "ॲव्हरेज किती देते?"

तुमचे अनुभव सांगा. विरोधी मतं असतील तर तीही हवी आहेत.

दुचाकी_रोजची

असहमत. राग आला म्हणून लिहीत नाही, विचार करून लिहितोय. रस्त्यावर खड्डा चुकवताना आम्ही जिवाला मुकतो. तुमच्या बंपरखालचा प्लास्टिकचा ओठ घासतो. दोन्ही एका तराजूत घालू नका. पोटाखाली किती जागा आहे हे तुम्हाला गाडी घेताना माहीत होतं, सगळा आकडा ब्रोशरमध्ये छापलेला असतो. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण हौस तुमची आणि रस्ता मात्र सगळ्या गावाने तुमच्या मापाचा करायचा, हे पटत नाही.

घाटवाट

तराजू एकच आहे असं मी म्हटलेलंच नाही. पण तो न रंगवलेला डांबराचा ढीग रात्री तुमच्या पुढच्या चाकाखाली येतो तेव्हा तुम्हीच उडता. रिक्षातल्या गरोदर बाईच्या पाठीलाही तोच दणका बसतो. मला रस्ता माझ्या मापाचा नकोय. प्रमाणात लिहिलेल्या मापाचा हवाय, आणि ते माप माझ्या गाडीसाठी ठरवलेलं नाही.

शेजारधर्म

माझा मुद्दा दुसरा आहे. आमच्या इमारतीत अशी एक गाडी आहे. रविवारी पहाटे साडेपाचला ती सुरू होते, खाली बेसमेंटमध्ये, आणि आवाज पाइपच्या डक्टमधून चौथ्या मजल्यावर येतो. माझ्या पत्नीला रात्री उशिरा झोप लागते, ती त्या आवाजाने उठते आणि मग दिवसभर डोकं धरून बसते. तुम्ही तुमच्या त्रासांची यादी केलीत, त्यात तुमच्या गाडीचा इतरांना होणारा त्रास कुठेच नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. मापाचा आग्रह धरायचा असेल तर हेही माप आहे.

घाटवाट

तुमच्या पत्नीचं वाचून वाईट वाटलं. कारण सांगतो. इंजिन थंड असताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) लवकर तापावा म्हणून गाडी आपोआप जास्त फेऱ्यांवर चालते. धूर कमी व्हावा म्हणून ती सोय असते, पायाने केलेला तो माज नव्हे. थोड्या वेळात आवाज उतरतो. मी सुरू करताच लगेच हळू बाहेर काढतो, उभी ठेवून गरम करत नाही. पण पहाटेच निघावं लागतं. सातनंतर ताम्हिणीत किंवा मुळशीच्या रस्त्यावर गर्दी होते आणि अशा गाडीने गर्दीत जाण्यात मजाही नाही, सुरक्षितताही नाही.

शेजारधर्म

कारण समजलं. झोप मात्र तरीही मोडतेच. सहा वाजून पाच मिनिटांनी निघा.

नेकारकाठ

मी जर्मनीत श्टुटगार्टला असतो, नोकरी गाड्यांच्याच क्षेत्रात. धागाकर्त्याचा मूळ दावा मला पटलेला नाही. इथे रस्ते मापात आहेत, गतिरोधक फार थोडे आणि आखीव. तरीही माझ्या दोन सीटच्या गाडीचे त्रास संपलेले नाहीत, म्हणजे दोष सगळा रस्त्याचा नाही. इथल्या जुन्या इमारतींत एका गाडीवर दुसरी ठेवणारे लोखंडी पाळणे असतात, त्यांच्या कडेला माझं नाक घासतं. थंडीत टायर बदलावे लागतात आणि रस्त्यावर मीठ टाकतात. गंज नको म्हणून बरेच जण हंगामी नंबरप्लेट घेतात. कोणत्या महिन्यांत गाडी चालेल ते प्लेटवरच छापलेलं असतं, कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. उरलेल्या महिन्यांत ती सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही, म्हणजे खासगी गॅरेजचं भाडं आलंच.

मला सगळ्यांत जास्त सतावतो तो उजेड. आपण इतके खाली बसतो की मागच्या उंच गाडीचे दिवे थेट आरशात आणि आरशातून डोळ्यांत. ट्रकच्या शेजारून जाताना त्याच्या चालकाला आपण दिसतो की नाही याची खात्री नसते. हे बुटक्या गाडीचे अंगभूत त्रास आहेत, ते पत्करूनच गाडी घ्यावी. आवाजाबद्दल: इथे विनाकारण इंजिन घुमवणं आणि गल्लीत चकरा मारणं यावर दंड आहे, २०२१ साली तो बराच वाढवला. मला तो योग्य वाटतो.

दुसरी_चावी

गाडी माझी आहे, माझ्या पैशांची, माझ्या नावावर. तरी पेट्रोल पंपावर पहिला प्रश्न "साहेबांची का?" असतो. घाटवाट यांनी सिग्नलवरचे दोन प्रश्न लिहिले, तेवढ्यावर भागत असेल तर त्यांचं नशीब चांगलं.

एक्स्प्रेसवेवर मी ठरलेल्या मर्यादेत, म्हणजे सपाटीवर १००, घाटात ६०, चालवत असते. पोरं एसयूव्ही शेजारी आणून एका हाताने व्हिडिओ काढतात, पुढे जाऊन ब्रेक मारतात, मी वेग वाढवावा म्हणून हॉर्न देतात. खंडाळ्याच्या उतारावर शेजारचा चालक मोबाइलमध्ये बघतोय हे दिसतं तेव्हा पोटात गोळा येतो. मी लेन बदलते, फूड मॉलला थांबते, त्यांना पुढे जाऊ देते. त्यात माझी वेळ जाते आणि प्रवासाचा आनंदही. हा लहान त्रास आहे असं मला वाटत नाही. आणि याला रस्त्याचं कुठलंही प्रमाण उपयोगी नाही.

साडी नेसून या गाडीत बसायचं तर आधी पाठ फिरवून बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. उतरताना उलटं. ते जमतं. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई या गाडीत बसू शकत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. तिला फिरवावं म्हणून घेतलेली गाडी तिच्याशिवाय फिरते.

बेसमेंट_दोन

मी इमारतींचे आराखडे करतो. उताराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बेसमेंटच्या रॅम्पचा चढ १:८ (आठ मीटरला एक मीटर) असला तरी अडचण येत नाही, अडचण येते ती वर आणि खाली जिथे तो सपाटीला मिळतो तिथल्या कोनात. तिथे दोन-तीन मीटरचा निम्म्या चढाचा पट्टा दिला की बुटकी गाडीही निघते आणि सामानाने लादलेली छोटी गाडीही. हा पट्टा कागदावर असतो. बांधताना तेवढी लांबी वाचवली जाते, कारण त्यात एक पार्किंग जास्त बसतं. इथे मी घाटवाट यांच्या बाजूने आहे.

दुचाकी_रोजची

तुम्हाला ४० मिलिमीटर नाक उचलणारं बटण मिळतं ना? ते घ्या आणि विषय संपवा.

घाटवाट

ते बटण नव्या, महाग गाड्यांत आणि बहुधा जादा पैसे भरून मिळतं. नव्या ९११ मध्ये तर जागा लक्षात ठेवून जीपीएसवरून आपोआप नाक उचलायची सोयही देतात. पण त्याने पुढचा भाग उचलला जातो. अरुंद पट्टी घासते ती मध्यभागी, पोटाला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं होतं ते.

विम्याचंही सांगतो, नवीन घेणाऱ्यांनी हे वाचावं. नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर फाटला तर काही मिळत नाही. गाडीचं इतर नुकसान सोबत झालं असेल तरच, आणि तेही टायरच्या किमतीच्या निम्मंच. कमी जाडीच्या टायरचं रिम खड्ड्यात वाकतं, वर बहुतेक अशा गाड्यांत स्टेपनी नसते, फक्त चिकट द्रवाची बाटली आणि हवेचा पंप. टायरची बाजू चिरली तर त्या बाटलीचा उपयोग नाही, सरळ टोइंग.

सायकलवाली_आई

घाटवाट, तुमचं गतिरोधकाचं गणित मी वहीवर करून पाहिलं. बरोबर आहे. पण तुम्ही एक आकडा सोडून दिलात. आयआरसीचा तो ३.७ मीटरचा गतिरोधक ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा यासाठी आहे. सोसायटीच्या आत माझी सात वर्षांची मुलगी सायकल चालवते. तिथे मला २५ नको, १० सुद्धा जास्त वाटतो. अरुंद पट्टीपाशी तुम्हाला जवळपास थांबावं लागतं, तुम्ही ज्याला त्रास म्हणता तेच मला हवं आहे. फूड डिलिव्हरीच्या दुचाक्याही तिथेच हळू होतात. तुमच्या गाडीचं पोट घासू नये म्हणून तो अडथळा सौम्य केला, तर बाकीच्या सगळ्या गाड्या त्याच वेगाने आत येतील.

घाटवाट

हा मुद्दा वजनदार आहे, आणि सार्वजनिक रस्त्याचं प्रमाण सोसायटीच्या आत जसंच्या तसं लावू नये हे मी मान्य करतो. पण दुचाकी त्या पट्टीच्या कडेने, भिंतीलगतच्या फटीतून न थांबता निघते, आणि मुलं चालतात तीही तिथूनच. हे मी रोज बघतो. पट्टीऐवजी गेटपाशी पूर्ण रुंदीचा, सपाट माथ्याचा उंच चौथरा करावा, दोन्ही बाजूंना उतार, भिंतीपासून भिंतीपर्यंत. फट राहत नाही, पायी जाणाऱ्यांना सलग वाट मिळते, आणि वर चढल्यावर मधे पोट टेकत नाही कारण चारही चाकं सपाटीवर असतात. वेग किती कमी करायचा ते उताराच्या तीव्रतेवर ठरवता येतं.

बेसमेंट_दोन

चौथऱ्याला माझा पाठिंबा, पण पाण्याचा विचार करा. भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधला तर पावसाचं पाणी गेटच्या आत तुंबतं. कडेला जाळीची नाली लागेल.

शेजारधर्म

नाली, चौथरा, सगळं करा. पहाटेचं बोलणं अजून बाकी आहे.

सायकलवाली_आई

आमच्याकडे कुणी हा प्रस्ताव आणलाच, तर त्याने आराखडा घेऊन सभेत यावं. उतार किती, नाली कुठे, मुलांना चालायला कडेने किती जागा उरते, आणि डिलिव्हरीवाला तिथे किती वेगाने येईल हे त्यात दाखवावं. ते बघितल्याशिवाय मी सही करणार नाही, आणि तोपर्यंत रबराची पट्टी काढू देणार नाही.