पांढरे फूल आणि लाल कणीस: हा सोनटक्का आहे का?

रानवाट: गेल्या आठवड्यात आंबा घाटातील जंगलात, ओढ्याकाठच्या सावलीत, कमरेइतक्या उंचीची काही झाडे दिसली. लाल कणसातून चुरगळलेल्या कागदासारखे एकेक पांढरे फूल बाहेर आले होते आणि त्याच्या गळ्याशी पिवळी छटा होती. सोनटक्का समजून वास घेतला, पण सुगंध जाणवला नाही. हे कोणते फूल असावे?

कंदमुळे: पाने खोडाला कशी आली आहेत, ते पाहावे. सोनटक्क्याची पाने समोरासमोरच्या दोन रांगांत असतात; आपल्या झाडाची पाने गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे खोडाभोवती वळत वर गेली असतील, तर तो पेवा होय.

रानवाट: छायाचित्र पुन्हा पाहिले. पाने अगदी जिन्यासारखी वळली आहेत. पानाखालून बोट फिरवले तेव्हा मऊ लव लागली होती, हेही आठवले.

जुना माळी: मग पेवाच. फुले गळल्यावरही लाल कणीस बरेच दिवस टिकते, त्यामुळे पुष्कळांना तेच फूल वाटते. गंमत म्हणजे, आपल्याला भावलेली ती मोठी चुरगळलेली पाकळीही खरी पाकळी नसून वांझ पुंकेसर एकत्र जुळून बनलेली असते.