आणीबाणीत तुमच्या घरी कोणी काय केलं? (अनुभव धागा)

लिमलेट
काल माळा काढला. एका गंजक्या डब्यात दादांची (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) स्टेन्सिल कापायची लोखंडी लेखणी सापडली. सुनेला वाटलं दात कोरायचं काहीतरी आहे. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे, म्हणून हा धागा.

दादा शाळामास्तर, कुठल्याच पक्षाचे नव्हते. जून ७५ नंतर रात्री स्वयंपाकघरात मेणकागदावर पत्रकं कोरत बसायचे. टाईपरायटर नको म्हणायचे, प्रत्येक मशीनचं एखादं अक्षर वाकडं उठतं आणि त्यावरून माग लागतो. मग हातानेच, पण छापील वळणाने, म्हणजे नेहमीचं अक्षर ओळखू येऊ नये. त्यावरून प्रती काढायचं सायक्लोस्टाईलचं मशीन कुठे होतं ते त्यांनाही ठाऊक नसे. एक मुलगा यायचा, गुंडाळी घेऊन जायचा. त्याचं नाव कधी विचारायचं नाही, हे आम्हा पोरांना बजावलेलं.

पण खरी पक्की आई. दार वाजलं की स्टेन्सिलवर पोळपाट. कोणी विचारलंच तर "परीक्षेचे पेपर काढतायत". खपून जायचं, कारण तेव्हा शाळेचे पेपर खरंच तसेच निघत!

तुरुंगात गेलेल्यांच्या कहाण्या बऱ्याच छापून आल्यात. न गेलेल्यांच्या हव्यात. बारीकसारीक असलं तरी लिहा. पक्षांची हाणामारी नको, त्याला इतर धागे आहेत.

चौकस
काका लग्नपत्रिकांच्या पाकिटातून पत्रकं पाठवायचे. कोपऱ्यांना हळदकुंकू, वर बुकपोस्ट. एकदा पोस्टमनने विचारलं, "चातुर्मासात कुणाची लग्नं हो एवढी?" पुढचा गठ्ठा बारशाचा झाला.

मावशीबाई
हहपुवा (हसून हसून पुरे वाट). पोस्टमनही सामील असणार बघा.

चौकस
असेलही. गठ्ठे वेगवेगळ्या पेट्यांत टाकायचे, एका पेटीत पाच-सहाच. हा सल्ला त्यानेच दिला होता म्हणे.

उंबरठा
बाबा मिसात (विनाखटला डांबायचा कायदा) आत होते. पगार बंद. महिन्याच्या सुरुवातीला दाराखालून पाकीट सरकवलेलं असायचं, आत नोटा, चिठ्ठी वगैरे काही नाही. आईने पै न पै वहीत मांडून ठेवली, परत करायची म्हणून. करणार कुणाला? कोण ते अजून माहीत नाही.
समोरच्या काकूंनी बोलणं टाकलं. यजमानांची सरकारी नोकरी होती त्यांच्या, मला आता राग नाही. पण त्यांचा मुलगा शाळा सुटेपर्यंत माझ्यासाठी फाटकाशी थांबायचा. त्याला कोणी सांगितलं असेल? कुकर झालाय, नंतर लिहिते.

लिमलेट
उंबरठा, सावकाश लिहा. वाचून पोटात तुटलं.

तिरपा
आमच्या घरी आणीबाणी आवडली होती. गाड्या वेळेवर, ऑफिसात माणसं जागेवर. आजोबा भलते खूश. मग नसबंदीच्या केसेसचा कोटा आला, केसेस आणा नाहीतर पगारवाढ विसरा. खुशी उतरली.

मावशीबाई
आमची आत्या नर्स. यादीत आधीच ऑपरेशन झालेल्यांची नावं घालायची. कागद पूर्ण, साहेब खूश, गावकरी खूश.
(पत्रिकेच्या पाकिटावरून आठवलं, माझ्या लग्नाच्या पत्रिकेत तारीखच चुकीची छापली होती. ते नंतर.)

काळा डगला
सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी १९७६ मध्ये मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. हे लोक साफ विसरलेत.

कोर्टाबद्दलही लिहितो. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने जबलपूर खटल्यात हात वर केले, डांबलेल्या माणसाला कोर्टात दादच मागता येणार नाही म्हणे. पाच न्यायमूर्तींत एकटे न्या. खन्ना विरोधात. पुढे त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं. एवढंच सगळ्यांना माहीत असतं. पण मुंबई हायकोर्टाने वकिलांच्या सभेवरची पोलिसांची बंदी उठवली होती. संपादक मीनू मसानी 'फ्रीडम फर्स्ट' मासिकाचे कापलेले लेख घेऊन सेन्सॉरविरुद्ध तिथेच गेले आणि जिंकले.
आमचे सीनियर म्हणायचे, हरणारी केससुद्धा दाखल करावी. तोंडी हुकूम देणाऱ्याला निदान कारण कागदावर लिहून द्यावं लागतं. तुमच्या वॉर्ड ऑफिसातही तेच. तोंडी 'नाही' घेऊन घरी यायचं नाही, लेखी मागायचं.

तिरपा
लेखी मागितलं की साहेब जेवायला जातात.

काळा डगला
मग पोचपावती घेऊन तुम्हीही जेवायला जा.

प्रीतिसंगम
७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात मी स्वयंसेवक होतो, बिल्ला लावून पाण्याचे पिंप भरायला. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष साक्षात यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री शेजारी आणि बाई आणीबाणीविरुद्ध बोलतायत! जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करू या म्हणाल्या. माझ्या पुढचे गृहस्थ उठू की नको करत होते. बायकोने कोपराने ढोसलं तेव्हा उठले.
पुढच्या वर्षी बाईंना अटक झाली. एवढं नाव असलेल्या बाईंना! तेव्हा 'साधना' साप्ताहिक वाचणारे आमचे वर्गशिक्षक अंक पिशवीत आतल्या बाजूला ठेवायला लागले. पण वर्गणी बंद केली नाही, उलट दोन जादा नावांनी भरली. अंक चालू राहायचा तर पैसे लागतात, एवढं साधं गणित.

मर्फी
आमच्याकडे रात्री बीबीसी हिंदी. आवाज इतका बारीक की आजोबांचा कान जाळीला चिकटलेला. सकाळी कट्ट्यावर "आज हवापाणी काय?" असं विचारलं की बातमी सांगायची. एकदा एका भोळ्याने खरंच पावसाचं विचारलं आणि त्याला रायबरेलीचं (इंदिराबाईंचा मतदारसंघ) ऐकावं लागलं.

चौकस
मर्फी, सेट कुठला? नावाप्रमाणे?

मर्फी
नाही हो, बुश! मर्फी शेजाऱ्यांचा. रेडिओचं लायसन्स पोस्टात भरायचे ते आठवतंय का कुणाला?

पेपरबॉय
'टाइम्स'च्या मुंबई आवृत्तीत २८ जून ७५ ला निधनाची छोटी जाहिरात आली होती. ओ'क्रसी, डी. ई. एम. हे गेले, पत्नी टी. रुथ, मुलगा एल. आय. बर्टी. मोठ्याने वाचा म्हणजे कळेल: डेमोक्रसी, ट्रुथ, लिबर्टी. सेन्सॉर अग्रलेख तपासत बसला आणि हे छोट्या जाहिरातींतून निघून गेलं. त्याच दिवशी 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली.

नवखी
मी ९८ ची, त्यामुळे नुसती वाचतेय. पण आज कुठेही असं झालं तर माझ्यासारखीने काय करायचं? मोर्चात जायचं धाडस नाही, खोटं कशाला बोलू.

लिमलेट
मोर्चात दादाही कधी गेले नाहीत. त्यांचा नियम असा, स्वतः पाहिलेलं किंवा कागद हातात असलेलं तेवढंच पत्रकात घालायचं. एक थाप पकडली गेली की बाकीच्या खऱ्या बातम्याही फुकट. फॉरवर्डला तोच नियम लाव. आणि ज्यांच्या घरचं माणूस आत आहे त्यांच्याकडे जात राहा. उंबरठाने लिहिलंय बघ.

उंबरठा
आले. पैशाइतकीच आम्हाला माणसं हवी होती. एक पेटीमास्तर फी न घेता ताईला शिकवत राहिले, दर गुरुवारी, सगळ्या आळीदेखत. भेटीच्या दिवशी आईबरोबर कोण ना कोण यायचं. बाबांना पत्र लिहिताना नाव-तारीख-पोचलं का असं सगळं वहीत टिपायची सवय आईला लागली. पुढे त्या वहीचा उपयोग वकिलांना झाला.

प्रीतिसंगम
नवखी, मतदानाच्या दिवशी पोलिंग एजंट (केंद्रावर बसणारा उमेदवाराचा माणूस) हो. ७७ च्या मार्चमध्ये आमच्या गावात विरोधकांकडे बसायला माणूस मिळेना, शेवटी दोन शिक्षिका बसल्या. हलल्या नाहीत जागच्या.

काळा डगला
+१. आता तर फॉर्म १७-सी असतो. मतदान संपल्यावर यंत्रात किती मतं नोंदली त्याची सही केलेली प्रत केंद्राध्यक्ष एजंटला देतात. मोजणीच्या दिवशी आकडा जुळतो का ते त्यावरून बघायचं. पूर्णपणे कायदेशीर, नियमात वागलीस तर उगाच कोणी उठवू शकत नाही.

नवखी
हे माहीतच नव्हतं! नाव कुठे द्यायचं?

काळा डगला
नेमणूक उमेदवार किंवा त्याचा निवडणूक प्रतिनिधी करतो, त्यांना भेट. शक्यतो त्याच केंद्राची मतदार हवीस. मॉक पोल (यंत्राची चाचणी) मतदानाच्या दीड तास आधी होतो, म्हणजे पहाटे निघावं लागेल.

मावशीबाई
डबा घरून ने. आणि बसायला उशी, शाळेचे बाक फार बारके असतात.

तिरपा
मावशीबाई, ती पत्रिकेची तारीख राहिली.

मावशीबाई
हो हो. एक दिवस आधीची छापली होती. नवऱ्याकडची मंडळी आदल्या दिवशी हजर, आणि आमचा आचारी अजून बाजारात!