मदत हवी आहे: घर बांधायला स्वयंसेवक म्हणून जायचंय, उद्यापर्यंत पैसे भरायचेत

मृदगंध_पुणे
नमस्कार मंडळी, जरा पटकन उत्तर हवंय. नोव्हेंबरमध्ये नऊ दिवस एका गरजू कुटुंबाचं घर बांधायला जायचं ठरलंय, आम्ही पाच जण आहोत. संस्था माणशी ६२ हजार मागतेय, तिकीट वेगळं, भरलेले पैसे परत नाहीत. घरात वादावादी चाललीय की घाम आपण गाळायचा आणि वर पैसेही आपणच द्यायचे हे कसं काय. उद्या संध्याकाळी ६ पर्यंत भरायचेत. भरू की नको एवढंच सांगा.

कंदील
कुठल्या देशात? कोणकोण जाताय, वयं काय? घर कसलं? काहीच लिहिलं नाहीये, भरा की नको कसं सांगणार?

मृदगंध_पुणे
अहो नेपाळ. लिहायचं राहिलं. मी, नवरा, आई (६१), मैत्रीण आणि भाचा. आता सांगा.

रोखठोक_नाना
अजिबात भरू नका. हिशोब करा, पाच जणांचे ३ लाख १० हजार म्हणजे नेपाळी जवळजवळ ५ लाख. २०१५ च्या भूकंपानंतर तिथल्या सरकारनं एका कुटुंबाला घर बांधायला मिळून ३ लाख नेपाळी रुपये दिले होते, तेही तीन हप्त्यांत. तुमच्या एवढ्या पैशात तिथल्या गवंड्याला मजुरी मिळेल आणि घरही उभं राहील. ज्यांनी कधी थापी हातात धरली नाही त्यांनी जाऊन काय करायचंय? पैसे पाठवा आणि घरी बसा.

इंद्रायणीकाठ
नाना, तुमचा हिशोब बरोबर आहे पण अर्धा आहे. मी २००६ ला मळवलीला होते, लोणावळ्याच्या अलीकडे, हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या गरजूंची घरं बांधणाऱ्या संस्थेचं काम होतं, आठवडाभरात शंभरेक घरं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर स्वतः आले होते, वय ८२, आणि करवत घेऊन काम करत होते. खरं सांगते, आम्ही आठ जणांनी दिवसभरात जेवढी भिंत चढवली तेवढी दोन गवंड्यांनी दुपारच्या जेवणापर्यंत चढवली असती. संध्याकाळी मिस्त्री ओळंबा सोडून बघायचे आणि आमच्या वाकड्या विटा काढून परत लावायचे. पण ज्या बाईंचं ते घर होतं त्या आमच्याबरोबर विटा उचलत होत्या, घर मिळणाऱ्यानंही राबायचं असा त्यांचा नियमच आहे. मला डोक्यावर घमेलं धरता येईना तर त्यांनी स्वतःच्या पदराचं टोक फाडून मला चुंबळ करून दिली. माझ्या वर्गणीतनं सिमेंट आलं असेल नसेल, पण त्यानंतर आजपर्यंत दरवर्षी मी आणि माझ्या तीन मैत्रिणी एका घरासाठी पैसे काढतो. हे घरी बसून झालं नसतं.

बटाटेवडा
ब्रॅड पिट पण आला होता ना मळवलीला?

इंद्रायणीकाठ
हो. आता मूळ विषयावर या.

माळवद
मी औसा तालुक्यातला, सिव्हिल इंजिनिअर. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमच्याकडची माणसं धक्क्यानं कमी आणि भिंतींखाली जास्त गेली. दगडमातीच्या जाड भिंती, आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोन्हीला धरून ठेवणारा आरपार लांब दगड नाही आणि वर माळवदाचं ओझं. नंतर बाहेरच्यांनी नवी गावं आखली, रुंद रस्ते, सरळ ओळी, पण शेत लांब गेलं आणि गुरं कुठं बांधायची हे कुणी विचारलंच नाही. म्हणून माझा प्रश्न पैशाचा नाही. संस्थेला विचारा की घराचा नकाशा कोणी काढला, जोत्याला, लिंटेलला (दारं-खिडक्यांच्या वर) आणि छताखाली काँक्रीटची सलग पट्टी आहे का, आणि कुटुंबाला विचारलं होतं का. याची उत्तरं नीट देता आली नाहीत तर सहा हजार पण भरू नका.

मृदगंध_पुणे
दगडाचं नाही हो, बांबूचं घर आहे. झापा जिल्हा.

माळवद
हे आधी लिहायचं ना! मग माझे अर्धे प्रश्न बाद. तराईचा भाग आहे, सपाट जमीन, पूर येतो. जोतं किती उंच घेतलंय ते विचारा आणि बांबू बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवलाय का ते विचारा. टाकीचा फोटो मागा.

माणगा_कुडाळ
भिजवायची गरज नाही. अंधाऱ्या पक्षात तोडला तर भुंगा लागत नाही, आमच्याकडे वाडवडील असंच करत आले.

माळवद
दादा, गोठ्याला चालेल, माणसांच्या घराला नको. तीन वर्षं वयाचा बांबू घ्या, तोडायचा तेव्हा तोडा, पण औषधाचं पाणी द्याच.

भटकी_सई
नोव्हेंबर म्हणजे मुक्तिनाथ नक्की करा! पोखऱ्याहून जोमसोमचं विमान सकाळचंच घ्या, दुपारी वारा सुटतो.

कंदील
ताई त्या झापाला चालल्यात, ते पूर्व टोक आहे, मुक्तिनाथ कुठच्या कुठे. मृदगंध, तुम्ही काठमांडूचं तिकीट काढलंय का? नसेल तर बागडोगऱ्याला (सिलिगुडीजवळचं विमानतळ) उतरा, पानीटंकीहून मेची नदीचा पूल ओलांडला की काकडभिट्टा, झापा तिथेच सुरू होतं. आणि भाचा कुठं असतो?

मृदगंध_पुणे
न्यू जर्सीला. जन्म तिकडचाच, अमेरिकन पासपोर्ट. आपल्याला नेपाळला व्हिसा लागत नाही ना, मग काय?

कंदील
आपल्याला लागत नाही, त्याला लागतो! तुम्हा चौघांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. विमानानं गेलात तर आधार कार्डाच्या भरवशावर राहू नका, मोठ्यांत ते ६५ च्या वरच्यांनाच चालतं आणि आईचं वय त्याच्या आत आहे. भाच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असलं तरी ते भारतापुरतं. व्हिसा पोहोचल्यावर मिळतो, ३० दिवसांचे ५० डॉलर, पण तो पर्यटकाचा, आणि त्यावर बिनपगारी कामही करता येत नाही. संस्था त्याची सोय काय करणार हे लेखी घ्या. बोलण्यावर जाऊ नका, अडकला तर तो अडकेल.

रोखठोक_नाना
आणि माझा मुद्दा तसाच आहे. ६२ हजारातले घरावर किती, ते पण लेखी घ्या.

मृदगंध_पुणे
सकाळी अकराला फोन केला. ६२ पैकी २५ हजार घराच्या सामानाला, बाकी राहणं, जेवण, गाडी, विमा आणि तिथल्या मिस्त्रींची मजुरी. हे मेलवर आलं. टाकीचा फोटो पण आला, जोतं दोन फूट. भाच्याच्या व्हिसाबद्दल त्यांनाच माहीत नव्हतं, परवा कळवतो म्हणाले, त्याच्यापुरती मुदत वाढवून घेतली. आम्ही चौघांचे भरतोय. माळवददादा, फोटो इथे टाकते, दोन फूट पुरेल का सांगाल?

माळवद
टाका. शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीचा फोटो पण मागवा, पुराच्या पाण्याची रेघ कुठवर आलीय ते बघून सांगतो.