मदत हवी आहे: एक्टोपिक मिलरिनोनमुळेच वाढले, हे ठरवायचं कसं?

एमडी फार्माकॉलॉजीच्या प्रबंधासाठी हार्ट फेल्युअरच्या पेशंटना शिरेतून मिलरिनोन (हृदयाचं आकुंचन वाढवणारं औषध) चालू असताना व्हेंट्रिक्युलर एक्टोपिक (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून अवेळी येणारे जादा ठोके) वाढतात का, हे होल्टरवर (सलग ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) तपासतेय. (१९९१ च्या प्रॉमिस चाचणीत तोंडावाटे दिलेल्या मिलरिनोनने मृत्यू २८ टक्क्यांनी वाढले होते, म्हणून हा प्रश्न डोक्यातून जात नाही.)

अडचण बेसलाइनची, म्हणजे औषधाआधीच्या मोजणीची आहे. एका स्थिर पेशंटचे दोन दिवस मोजता आले: पहिल्या दिवशी ३४० एक्टोपिक, दुसऱ्या दिवशी १,१००, शिवाय पहाटे सलग तीन ठोक्यांची व्हीटी (व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे त्याच कप्प्यांतून सलग येणारे जलद ठोके). औषध तर अजून सुरूही नव्हतं! पोटॅशियम, मॅग्नेशियम दोन्ही दिवशी नॉर्मल. अमिओडेरॉन (ठोक्यांची अनियमितता दाबणारं औषध) घेणारे आधीच वगळलेत.

बाकीच्यांना औषधाविना २४ तासांहून जास्त थांबवता येणार नाही, आणि प्लासिबो गटाला एथिक्स कमिटीची परवानगी नाही. मग एकाच दिवसाच्या बेसलाइनवर एक्टोपिक किती पट वाढले तर ते औषधामुळे मानायचे?