मदत हवी आहे: तिसऱ्या आठवड्यात उमेद का संपते?

अंत्रुजवासी: वय ३८, उंची १६० सेंमी, वजन ७४ किलो. घर फोंड्याला, नोकरी पणजीला. दर वेळी तेच होतं. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात, तिसऱ्यात काटा हलत नाही. मग संध्याकाळी पोदेराचा (दारोदार पाव विकणाऱ्याचा) भोंगा वाजला की दोन पोया (गोव्याचे कोंड्याचे पाव) आणि "गेलं तर गेलं, सोमवारपासून बघू". आता चवथ (गणेशचतुर्थी) तीन आठवड्यांवर आली. आहारतक्ते भरपूर आहेत, तेवढे नकोत. टिकून कसं राहायचं ते सांगा.

उकडेशीत: ते पहिले दोन किलो बहुतेक पाण्याचे होते. भात-पाव कमी केला की यकृतातला आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा घटतो आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी निघून जातं. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोज ५०० ची तूट ठेवली तरी आठवड्याला जेमतेम अर्धा किलो. तिसऱ्या आठवड्यात दिसतो तो हा वेग, आणि तोही झाकला जातो: आदल्या रात्री खारं सुकं (सुकी मासळी) खाल्लेलं असतं, किंवा पाळी जवळ आलेली असते.

म्हणून रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन करा, पण तुलना सात दिवसांच्या सरासरीचीच करा. रोजचा आकडा डोकं खात असेल तर आठवड्यातून एकदाच. पहिलं लक्ष्य ५ टक्के, म्हणजे ३.७ किलो ठेवा. रक्तदाब आणि साखर तेवढ्यानंही सुधारू लागते. वीस किलोचं स्वप्न तिसऱ्या आठवड्यात फार लांब दिसतं.

वजनकाटा: ताई, गोम "गेलं तर गेलं" मध्ये आहे. व्यसनमुक्तीवर काम करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी हेच मांडलं होतं: एकदा नियम मोडला की माणूस तो स्वतःचा नालायकपणा समजतो आणि उरलेलंही सोडून देतो. दोन पोयांनी आठवड्याची ३,५०० ची तूट भरून निघत नाही. सोमवारची वाट बघण्यात जे चार दिवस जातात, त्यात निघते.

उपाय म्हणजे ठरवायचं काम भुकेच्या वेळेवर सोडायचंच नाही. "जर-तर" वाक्य आधीच लिहून ठेवा: "भोंगा वाजला, तर आधी मूठभर भाजलेले चणे, मग एकच पोई भाजीबरोबर." "पोई खाणार नाही" असं लिहू नका, मन पोईभोवतीच फिरत राहतं. अशी वाक्यं एक-दोनच असावीत, दहा केलीत तर एकही पाळलं जात नाही. आणि एकला जेवून सहापर्यंत पोट रिकामं असेल तर तो निर्धाराचा दोष नव्हे, वेळापत्रकाचा. चारला काहीतरी खा.

सवय २१ दिवसांत लागते हेही विसरा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही.

उकडेशीत: चवथीचं वेगळं. त्या दिवसांत वजन उतरवायचं नाही, फक्त आहे तिथं ठेवायचं, असं आजच ठरवा. नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा ओट्यावर नको, वरच्या फळीवर. पावसात फिरणं बंद पडतं तेव्हा प्रत्येक जेवणानंतर घरातच १० मिनिटं चाला. मधुमेहाची औषधं चालू असतील तर मात्र खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

अंत्रुजवासी: हे जमेल. पण नातेवाईकांकडे "एक तरी खा गो" सुरू झालं की?

वजनकाटा: "डाएटवर आहे" म्हणू नका, त्यावर सगळं घर वाद घालायला बसतं. एक नेवरी चवीनं खा आणि दुसरीला "डब्यात घाल, मागीर चहाबरोबर खाते" म्हणा. यजमानीणही खूश. डबे जास्त जमले तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात न्या, तिथं अकरापर्यंत एकही उरत नाही.