लंडनची ऑफर: पौंडाला रुपयांनी गुणू नका

‘पुण्यात हिंजवडीच्या आयटी नोकरीत मिळतो त्याच्या तिप्पट पगार मिळतोय, डोळे मिटून घ्या’ हा सल्ला मला पटत नाही. भाडंही पौंडातच जाणार ना! शिवाय वर्षाला ५०,२७० पौंडांपुढच्या कमाईवर ४० टक्के कर. पगार वाढवायला कंपनी तयार नसेल, तर एकरकमी खर्च तिच्याकडून मागा. व्हिसासोबतचा आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचं शुल्क) २०२४ पासून मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलांना ७७६ आहे. तोही सगळ्या वर्षांचा आगाऊ भरायचा. नवरा-बायको, एक मूल, ३ वर्षं म्हणजे ८,५३८ पौंड, विमानात बसायच्या आधीच! घराचं डिपॉझिट साधारण ५ आठवड्यांचं भाडं (बाणेरच्या घरमालकांपेक्षा बरे म्हणायचे). एचआरचं फोनवरचं ‘बघू’ धरू नका, लेखी घ्या. आणि नोकरी लवकर सोडल्यास कंपनीने दिलेल्या खर्चातलं किती परत द्यावं लागेल, तेही विचारा.